तळटीप : दहा रुपयांचे तिकीट
दहा रुपयांचे तिकीट : म्हणजे कोर्ट फी स्टॅम्प. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली राज्य सरकारच्या कार्यालयात अर्ज करताना तो अर्जावरच चिकटवतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडला की शुल्क माफ. छायाप्रतीला पानामागे दोन रुपये, आणि खरी अडचण इथेच येते. फेरफाराची जुनी संचिका चारशे पानांची निघाली तर आठशे रुपये; शेतमजुराने ते कुठून आणायचे? अशा वेळी आधी अभिलेख पाहायला मागावा. पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि मग हवी तेवढीच पाने घेता येतात. जादा शुल्काचा हिशेब जन माहिती अधिकाऱ्याने लेखी कळवलाच पाहिजे. ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. मुदतच उलटली तर मात्र कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. हे कलम अर्जदाराने पाठच करावे. केंद्राच्या कार्यालयांविरुद्धच्या अपिलाला शुल्क नाही. महाराष्ट्रात प्रथम अपिलाला वीस आणि राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढील द्वितीय अपिलालाही वीस रुपये पडतात. हा भेद आम्हाला अन्याय्य वाटतो. — संपा.