उष्टे, थुंकी आणि एक जुनी भीती

आपण मराठीत ज्याला 'उष्टे' म्हणतो तो शब्द संस्कृतातल्या 'उच्छिष्ट' या शब्दापासून आला. गोव्याच्या बाजूला कोकणीत तो 'उश्टें' होतो. आमच्या सीमाभागातल्या मुलांना याच अर्थाचा एक कानडी शब्द घरच्याइतकाच परिचयाचा असतो, तो म्हणजे 'एंजलु'. कानडीची गंमत अशी की तोंडातली लाळ आणि ताटातले उष्टे, दोन्हींना हा एकच शब्द चालतो. मराठीने थुंकी वेगळी ठेवली, लाळ वेगळी ठेवली आणि उष्टे वेगळे ठेवले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला भाषेच्या वाटेने जाण्याची खोड असते, म्हणून सुरुवात येथून केली.

उष्ट्याविषयी आपले मन कधीच एकसारखे नव्हते. गीतेच्या सतराव्या अध्यायात उच्छिष्ट अन्न तामसी आहाराच्या यादीत टाकले आहे. पण शबरीने चाखून दिलेली बोरे रामाने खाल्ली, ही कथा आपल्या घरोघरी भक्तिभावाने सांगितली जाते. (वाल्मीकीच्या रामायणात शबरी आहे, तिने गोळा केलेली रानातली फळेही आहेत, ती उष्टी केल्याचा प्रसंग मात्र नाही. तो नंतरच्या परंपरेने घातला, आणि लोकांना तोच अधिक आवडला.) बाळाच्या पहिल्या घासाला आपण 'उष्टावण' म्हणतो. नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीकडे वाजतगाजत जाते. आणि 'चिमणीचे दात' कोणाला आठवत नाहीत? कैरीवर सदऱ्याचे टोक धरून वरून दाताने तोडायचे, मग ती फोड उष्टी होत नाही! आमच्या पिढीने शाळेच्या मैदानावर अशा किती कैऱ्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या वाटून खाल्ल्या याची गणती नाही.

हा झाला प्रेमाचा भाग. दुसरा भाग सांगताना मान खाली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात पेशवाईतल्या पुण्याची हकिकत नोंदवली आहे. अस्पृश्याने रस्त्यावर थुंकू नये, त्या थुंकीवर सवर्णाचा पाय पडून त्याला विटाळ होऊ नये, म्हणून त्याने गळ्यात मडके अडकवून फिरावे असा दंडक होता. रोगजंतू हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. भीती होती ती विटाळाची, आणि ती एकाच दिशेने वाहत होती. वरच्याच्या थुंकीचा खालच्याला विटाळ होत असल्याचे कोठे ऐकिवात नाही. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी पाणी प्याले, तेव्हा गावातल्या सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. त्या तळ्याचा कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आता जंतूंकडे येऊ. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा जंतू रोग्याच्या बेडक्यात असतो हे कळताच युरोप-अमेरिकेत थुंकीविरुद्ध एक युद्धच पुकारले गेले. न्यूयॉर्क शहराने १८९६ साली सार्वजनिक जागी थुंकण्यास बंदी केली. जर्मनीत डेटवायलर नावाच्या डॉक्टराने क्षयरोग्यांसाठी खिशात मावणारी, निळ्या काचेची, झाकणाची पिकदाणी काढली. 'निळा हेन्री' असे तिचे लाडके नाव पडले. सभ्य घरांतले रोगी ती कोटाच्या खिशात बाळगत. पुण्यातले मडके आणि जर्मनीतली ही निळी बाटली माझ्या डोळ्यांपुढे नेहमी शेजारी शेजारी येतात. एक जन्माने गळ्यात पडत असे आणि दुसरी रोगाने खिशात येत असे; पण ती पाहून समोरचा माणूस चार पावले मागे सरत असणार, यात दोन्ही सारख्याच.

अमेरिकेची आणखी एक कथा सांगण्यासारखी आहे. तिकडे आगगाडीत, शाळेत, सार्वजनिक विहिरीवर एकच पेला साखळीला बांधलेला असे आणि सारे त्यातूनच पीत. १९०८ साली पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅल्व्हिन डेव्हिसन या प्राध्यापकाने शाळेतले असे पेले सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि शाळेच्या पेल्यात मृत्यू आहे अशा अर्थाचा खळबळजनक लेख लिहिला. इकडे कॅन्सस राज्याचे आरोग्याधिकारी डॉ. सॅम्युअल क्रंबाइन यांनी आगगाडीत क्षयरोगी आणि लहान मुले एकाच पेल्याने पाणी पिताना पाहिली आणि १९०९ साली तो सार्वजनिक पेला बंदच करून टाकला. हा गृहस्थ मोठा कल्पक. पायवाटेवर थुंकू नका, अशी अक्षरे उमटवलेल्या विटा त्यांनी भट्टीतून पाडून घेतल्या आणि त्या रस्त्यांत बसवल्या गेल्या. या सगळ्याचा फायदा कागदी पेले करणाऱ्या एका कंपनीने बरोबर उचलला. एकदा वापरून फेकायचा तो पेला आधी आरोग्याच्या नावाने खपला, आणि पुढे 'डिक्सी कप' म्हणून जगभर गेला. भीतीच्या मागोमाग दुकान येते, हे आपण अलीकडेही पाहिले आहे.

पण पेल्यातून खरोखर क्षय होत होता काय? कार्ल फ्ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ च्या सुमारास दाखवले होते की बोलताना, खोकताना, शिंकताना तोंडातून बारीक तुषार उडतात आणि त्यांत जंतू असतात. १९३४ साली विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकाने त्याच्या पुढची पायरी मांडली. तुषार अगदी बारीक असेल तर जमिनीवर पडण्याआधीच तो वाळतो आणि त्याचा सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतो. क्षय पसरतो तो मुख्यतः अशा कणांनी, श्वासावाटे. म्हणजे उष्टा पेला धुण्यापेक्षा खोलीची खिडकी उघडणे अधिक उपयोगाचे. आमच्याकडे मात्र क्षयरोग्याची ताटवाटी वेगळी करून कोनाड्यात पालथी घालण्याची चाल कितीतरी वर्षे टिकली, आणि त्याच रोग्याला निजायला मागची, खिडकी नसलेली खोली मिळाली.

या बाबतीत भारतातल्याच एका प्रयोगाने जगाचे डोळे उघडले, आणि त्याची माहिती आपल्या पाठ्यपुस्तकांत नसावी याचा मला खेद वाटतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग चिकित्सेचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे १९३ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले; तेथे चांगले अन्न, विश्रांती, परिचारिका सारे होते. दुसऱ्या गटाला घरीच ठेवले, आणि ही घरे म्हणजे मद्रासच्या दाटीच्या वस्तीतल्या एकेका खोलीचे संसार. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष छापून आले. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते. पुढे पाच वर्षे त्यांच्या कुटुंबांवर लक्ष ठेवले, तेव्हा रोगी घरात राहिला म्हणून बायकामुलांत क्षय अधिक झाला असे आढळले नाही. कारण उघड होते. जो संसर्ग व्हायचा तो निदान होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, आणि औषध सुरू झाल्यावर रोग्याची दुसऱ्याला बाधा देण्याची शक्ती लवकर ओसरते. या प्रयोगानंतर जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना या संदर्भात आठवेल.

ओस पडलेल्या अशाच एका इमारतीत पुढची कथा घडली. ती आमच्या घाटाखालची, गोव्यातली आहे. डॉमनिक डिसोझा हा बार्देशमधला तरुण, नियमित रक्तदान करणारा. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला म्हापशाच्या पोलीस चौकीवर बोलावून घेतले. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, आणि हे त्याला कोणी नीट सांगितलेही नव्हते. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या कलमाखाली त्याला क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत, पोलीस पहाऱ्यात, एकटे ठेवले गेले. ६४ दिवस! त्याची आई ल्यूसी हिने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तो सुटला, पण अंतिम निकालात न्यायालयाने त्या कायद्यातली अलग ठेवण्याची तरतूद वैधच ठरवली. बाहेर आल्यावर डॉमनिकने आपल्यासारख्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि मे १९९२ मध्ये तो गेला.

दुःखाची गोष्ट ही की शास्त्राचे उत्तर त्याला कोंडण्याआधी तीन वर्षे छापलेले होते. १९८६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांनी ३९ एड्स रोग्यांच्या घरातल्या १०१ माणसांची तपासणी प्रसिद्ध केली. ही माणसे रोग्याबरोबर एका घरात राहत, तेच पेले, तीच न्हाणी वापरत. बाधा निघाली फक्त एका बालकात, आणि ती आईकडून जन्माच्या वेळी आलेली. लाळेत हा विषाणू जेमतेम असतो आणि लाळेतली काही द्रव्ये त्याला निकामी करतात. उष्ट्या ताटातून एचआयव्ही झाल्याचे उदाहरण नाही.

हे छापील ज्ञान गावात पोचायला किती वेळ लागतो, ते मी पाहिले आहे. सांगली, बेळगाव, बागलकोट हा पट्टा या रोगाने फार पोळला. २००८ च्या सुमारास मी सहशिक्षक असताना आठवीत एक मुलगा होता. वडील गेलेले, आई सरकारी दवाखान्यात गोळ्या घेणारी. मुलाला स्वतःला काहीही नव्हते. तरी दुपारच्या जेवणाच्या वेळी त्याचे ताट वेगळे निघे. काठावर खिळ्याने फुली मारलेली होती. मी विचारले तेव्हा जेवण करणारी मावशी म्हणाली, "सर, पोराला उपाशी तर ठेवलं नाही न्हवं?" तिच्या मनात दुष्टावा नव्हता. तिच्याही घरी दोन नातवंडे होती. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या, चुलीजवळ बसून तिच्याशी अर्धा तास कानडीत बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही. फुली काही पुसली गेली नाही, ती खिळ्याची होती; पण दुसऱ्या आठवड्यात ते ताट ढिगात मिसळले आणि कोणाच्याही वाट्याला येऊ लागले. मुलगा दहावी होऊन गेला.

लाळेतून काहीच होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. गालगुंड आणि घटसर्प लाळेच्या तुषारांतून पसरतात. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ जखमेत गेली आणि लस घेतली नाही, तर माणूस हाती लागत नाही. पोटातली ती चौदा इंजेक्शने आमच्या पिढीला चांगलीच आठवतात. २००४ च्या अखेरीस ती जुनी लस आपल्या देशातून गेली आणि दंडावरच्या चार-पाच टोचण्यांवर काम भागू लागले. माझ्याकडे येणाऱ्या पालकांची भीती बहुधा याच्या उलट असते. मुलाने वर्गमित्राच्या बाटलीला तोंड लावले म्हणून आई रात्रभर जागते, आणि दारात चावलेल्या कुत्र्यावर हळद दाबून दोन दिवस काढते.

मग २०२० चा कोरोना आला. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक जागी थुंकणे दंडनीय केले ते योग्यच झाले, गुटख्याच्या पिंकांनी रंगलेल्या आमच्या बसस्टँडला त्याची गरज फार आधीपासून होती. पण आपण भाजी साबणाने धूत बसलो आणि बंद खोलीतल्या हवेकडे लक्ष दिले नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून सांगावे लागले की हा रोग हवेतूनही पसरतो. वेल्सने ८६ वर्षांपूर्वी मांडलेलीच वाट पुन्हा दाखवावी लागली.

डॉमनिकला ज्या प्रकारच्या कायद्याने कोंडले तसले आता चालत नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने शाळेत, नोकरीत, दवाखान्यात असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि रोगाच्या कारणावरून कोणालाही वेगळे काढण्यासही. आमच्या शाळेच्या कार्यालयात त्याची प्रत आहे. पाण्याच्या टाकीवरचे साखळीचे दोन पेले २०२० साली काढले, ते परत लावलेले नाहीत. प्रत्येक मुलाची स्वतःची बाटली असते, नाव घातलेली. मधल्या सुट्टीत ती बाटली तोंडाला न लावता, वरून धार धरून, पाच-सहा जणांत फिरते. आणि चिंचा, कैऱ्यांच्या दिवसांत सदऱ्याची टोके अजूनही ओली होतात.