पत्त्यांच्या पेढीचा कायापालट

इ. स. १८८९ मध्यें क्योतो नगरींत फुसाजिरो यामाउची यांनीं फुलांच्या चित्रांचे पत्ते हातानें बनविणारी एक पेढी काढली. तीच आजची जगद्विख्यात निन्टेंडो. १९४९ सालीं तिचीं सूत्रें पणतू हिरोशी यांच्या हातीं आलीं. पुढें पेढी विजेच्या खेळांकडे वळली. परंतु अमेरिकेंत पाठविलेलीं 'रेडार स्कोप' खेळाचीं बरींच यंत्रें वखारींत पडून राहिलीं. शाखा बुडण्याची वेळ आली. तेव्हां चित्रकार म्हणून नेमलेल्या शिगेरू मियामोतो या तरुणाकडे नव्या खेळाची रचना सोंपविण्यांत आली. गुनपेई योकोइ यांच्या देखरेखीखालीं १९८१ सालीं 'डाँकी काँग' सिद्ध झाला, त्याच पडीक यंत्रांत बसविला गेला आणि शाखा तरली. यंत्र तेंच, कल्पना मात्र निराळी! अडगळींतून भांडवल उभें करणारी ही कल्पकता हीच त्या पेढीची खरी पुंजी होय.