गिरण्यांची गावे आणि सायकलींची जत्रा

नदीने पात्र बदलले, व्यापाराची वाट दुसरीकडे वळली किंवा राजधानी हलली, की गावे ओस पडतात. इतिहासाच्या पुस्तकांत अशा गावांच्या कहाण्या पानोपानी सापडतात. पडते गाव सावरण्यासाठी कोणी काय केले, याची नोंद मात्र फारशी कोणी ठेवत नाही. कारण ते काम सावकाश चालते, आणि ते करणारी माणसे बहुधा साधी असतात. अशीच एक हकीकत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्यातली आहे. तीत लढाया नाहीत, तह नाहीत. आहेत त्या सायकली.

ओरेगॉन हा अरण्यांचा मुलूख. उत्तर-दक्षिण पसरलेली कॅस्केड पर्वतरांग त्याचे दोन भाग करते. पश्चिमेला समुद्रावरून येणारा पाऊस आणि त्या पावसावर पोसलेले डग्लस फर जातीचे उत्तुंग वृक्ष. पूर्वेला कोरडे पठार, गुरांची कुरणे आणि मैलोगणती निर्मनुष्य रस्ते. 1938 पासून कित्येक दशके इमारती लाकडाच्या उत्पादनात हे राज्य साऱ्या अमेरिकेत पहिले राहिले. डोंगराच्या कुशीतल्या लहानशा गावात लाकूड कापण्याची एक गिरणी असायची, आणि साऱ्या गावाचा संसार तिच्या भोंग्यावर चालायचा.

या गावांची आणखी एक नाळ अरण्याशी जोडलेली होती. 1908 च्या एका कायद्याप्रमाणे राष्ट्रीय अरण्यांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्या त्या भागातील शाळा आणि रस्ते यांच्याकरिता मिळत असे. जंगलात झाड पडले की कामगाराच्या घरी पगार येई आणि गावच्या शाळेतही चार पैसे पोचत. जिथे मुलांची शाळा झाडाच्या बुंध्याला बांधलेली असते, तिथे कुऱ्हाड थांबली की फळ्यावरचा खडूही अडखळतो.

1980 च्या पुढे ती अडखळण्याची वेळ आली. व्याजाचे दर चढले, घरबांधणी मंदावली आणि लाकडाची मागणी घटली. त्यातच नव्या यंत्रांनी माणसांची जागा घेतली. मुंबईच्या गिरणगावात 1982 चा संप सुरू झाला, त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडच्या या गावांतही एकेक भोंगा मुका होत होता. कारणे निराळी होती; चुलीवरचा परिणाम मात्र सारखाच.

आता सायकलीकडे वळू. या राज्याने 1971 सालीच एक कायदा करून रस्ते-निधीतला निदान एक टक्का पैसा पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी राखून ठेवला होता. पुढे 1973 मध्ये दूरच्या आयोवा राज्यात एक गंमत घडली. डे मॉइन येथील ‘रजिस्टर’ वृत्तपत्रातले जॉन कॅरास आणि डोनाल्ड कॉल हे दोघे पत्रकार सायकलीवरून राज्य ओलांडायला निघाले, आणि ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, असे त्यांनी वाचकांना सुचवले. सू सिटीहून निघताना त्यांच्यामागे सुमारे तीनशे माणसे होती! त्यांत क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे 83 वर्षांचे एक आजोबा होते. बायकांसाठी बनवलेल्या सायकलीवर बसून त्यांनी मिसिसिपीच्या काठापर्यंतचा सारा प्रवास पुरा केला. मक्याच्या शेतांमधल्या लहान गावांनी या पाहुण्यांचे स्वागत केले, आणि तो प्रवास दरवर्षाचा उत्सव होऊन बसला.

तसेच काही ओरेगॉनात करावे, ही कल्पना ॲशलंड गावी पाहुणघर चालवणाऱ्या जिम बीव्हर यांना सुचली. ती त्यांनी पोर्टलंडच्या ‘ओरेगोनियन’ पत्राचे स्तंभलेखक जॉनथन निकोलस यांना कळवली. निकोलसांनी आपल्या स्तंभातून हाक दिली, आणि 1988 च्या सप्टेंबरात हजाराहून थोडे अधिक सायकलस्वार राजधानी सेलम येथून दक्षिण किनाऱ्यावरील ब्रुकिंग्जकडे निघाले. ‘सायकल ओरेगॉन’ या संस्थेचा जन्म तो हा. पुढे दरवर्षी मार्ग बदलत गेला. आज हा कोपरा, उद्या तो. स्वारांची संख्या वाढून दोन हजारांच्या घरात गेली.

शंभर-दोनशे घरांच्या गावात संध्याकाळी एवढी माणसे उतरली, म्हणजे काय होत असेल, हे आषाढात पालखीच्या वाटेवरच्या गावांना वेगळे सांगायला नको. शाळेचे मैदान तंबूंनी भरून जाई. शाळेची मुले सामान वाहत, तंबू उभारून देत. कुठे मंडळाच्या बायका न्याहारीला लागत, कुठे दुकानदार उशिरापर्यंत दार उघडे ठेवत. एका बाबतीत मात्र वारीशी फरक आहे. वारकऱ्याला गाव जेवू घालते ते पुण्यासाठी. इथे गावाच्या कष्टाचा मोबदला संस्था रोख चुकता करत असे. शाळेच्या खेळाडूंनी ओझी वाहिली, तर त्यांच्या संघाला पैसे मिळत.

मला या साऱ्या हकिकतीचे मर्म इथेच दिसते. अडचणीतल्या गावाला मदत करण्याची आपली नेहमीची रीत म्हणजे देणाऱ्याने उभे राहायचे आणि घेणाऱ्याने हात पसरायचा. सायकलस्वार आले ते थकून, भुकेजून, उन्हाने करपून. त्यांना गावाची गरज होती. पिढ्यान्‌पिढ्या कष्टाचे खाल्लेल्या माणसाला फुकटचा पैसा बोचतो, पण पाहुण्याची सरबराई करून मिळवलेला पैसा तो ताठ मानेने मोजून घेतो.

पुढे संकट गडद झाले. 1990 साली सरकारने जुन्या अरण्यात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला संरक्षण दिले. 1991 मध्ये न्यायालयाने सरकारी जंगलातील लाकडाची विक्री थोपवली, आणि 1994 मध्ये तोडीवर कडक मर्यादा घालणारी योजना अमलात आली. घुबड आपल्याकडे अशुभ मानतात. ओरेगॉनच्या लाकूडतोड्यांनाही ते तसेच वाटले. पण सगळा दोष त्या बिचाऱ्या पाखराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. यंत्रांनी माणसे आधीच घटवली होती, आणि शतकानुशतके वाढलेले वृक्ष एका-दोन पिढ्यांत तोडून संपत आले होते. असो.

जत्रेचा पैसा एका रात्रीचा. दुसऱ्या दिवशी तंबू उठले की मैदान पुन्हा रिकामे. ही उणीव ओळखून संस्थेने 1996 मध्ये एक निधी सुरू केला. प्रवासातून उरलेला पैसा त्यात जमा होई आणि त्यातून गावोगावच्या कामांना अनुदान मिळे: जुन्या इमारतींची जपणूक, परिसराची राखण, सायकल चालवणाऱ्यांची सुरक्षितता. रमणीय रस्ते सायकलींसाठी राज्यमान्य व्हावेत, या खटपटीतही संस्थेचा वाटा होता. विलामेट खोऱ्यातला तसा पहिला मार्ग 2005 साली ठरला. आता वाटसरू वर्षातून एकदाच येण्याचे कारण उरले नाही.

तरीही या गोष्टीला परीकथेचे रूप देऊ नये. गिरणीत शेकडो माणसांना मिळणारा बारमाही पगार सायकलींची जत्रा देऊ शकत नाही. तसा दावा करणे गिरणी कामगाराची थट्टा ठरेल. शिवाय पाहुण्यांवर जगणाऱ्याला आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. 2017 साली ओरेगॉनच्या अरण्यांना वणवे लागले, सगळीकडे धूर कोंडला आणि प्रवास रद्द करावा लागला. 2020 मध्ये महामारीने तेच केले. ज्या अरण्याने एके काळी पोसले, त्याच अरण्याच्या धुराने पाहुणे परत फिरावेत, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

मग या उद्योगाने साधले काय? नकाशावर ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, अशा गावांत शहरातली हजारो माणसे येऊन राहिली. मोटारीतून जाणाऱ्याला गाव दिसते ते काचेतून, आणि क्षणभर. सायकलवाल्याला चढ लागतो, तहान लागते, कुणाच्या तरी दारी थांबावेच लागते. अरण्य राखावे म्हणणारा शहरवासी आणि अरण्यावर पोट भरलेला गावकरी यांची त्या काळी वर्तमानपत्रांतून भांडणे चालत. सायकलींच्या निमित्ताने ते एका पंगतीला बसले. भांडण मिटले असे कोण म्हणेल? पण ज्याच्या घरचे आपण जेवलो, त्याच्याशी माणूस थोड्या सबुरीने भांडतो, एवढे खरे.