एकाच नावाच्या दोन वनस्पती

येडशीच्या रामलिंग घाटात पावसाळ्यात सहल गेली की मुले दर दोन पावलांवर एखादे रोप दाखवतात आणि विचारतात, "सर, हे कशावर चालतं?" आपणही मग हे पोटदुखीवर, ते तापावर, असे सांगत पुढे जातो. वनस्पती म्हणजे औषध आणि औषधी वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण नकळत तयार होते. हे समीकरण केवढे महाग पडू शकते, याची एक गोष्ट आहे. ती घडली ब्रुसेल्समध्ये, पण तिच्यातील वनस्पतीची भावंडे आपल्या रानात आहेत.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत गंधाती नावाची उग्र वासाची वेल पसरलेली दिसते. जनावराच्या जखमेत किडे पडले की शेतकरी हिचा पाला वापरत, म्हणून हिला किडामारही म्हणतात. तिची बहीण म्हणजे ईश्वरी किंवा सापसंद. हिचे मूळ सर्पदंशावर देण्याची प्रथा होती. (साप चावल्यावर दवाखानाच गाठायचा असतो, हे मुलांना इथेच सांगून टाकावे.) दोघींची प्रजाती एकच, ॲरिस्टोलोकिया. या ग्रीक नावाचा अर्थ सुखरूप बाळंतपण. युरोपातही या वेली शतकानुशतके बाळंतिणींना दिल्या जात होत्या.

ब्रुसेल्समध्ये वजन उतरवून देणारा एक दवाखाना होता. तो कित्येक वर्षे विनातक्रार चालला होता. १९९० मध्ये तेथील कॅप्सुलांच्या कृतीत दोन चिनी वनस्पतींच्या भुकटीची भर पडली. १९९२ मध्ये तेथील डॉक्टरांकडे दोन स्त्रिया आल्या. दोघींची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत होती, आणि दोघींनी याच दवाखान्यात उपचार घेतले होते. व्हानहर्वेगेम या मूत्रपिंडतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा पन्नाशीच्या आतल्या अशा नऊ स्त्रिया निघाल्या. १९९३ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये हा वृत्तांत आला. पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

डबीवर लिहिलेली वनस्पती होती स्टेफानिया. तिने असे काही होण्याचे कारण नव्हते. मग भुकटीचे रासायनिक पृथक्करण केले, तर तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडले! स्टेफानियाचे चिनी नाव 'हान फांग-जी' आणि ॲरिस्टोलोकियाच्या एका जातीचे 'ग्वांग फांग-जी'. बाजारात दोन्ही नुसत्या फांग-जी. कुठेतरी एका पोत्याच्या जागी दुसरे पोते आले होते.

याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे हे आम्ल धोक्याचे आहे, हे आधीच ठाऊक होते. उंदरांमध्ये त्याने कर्करोग होतो, असे प्रयोगांत दिसल्यावर जर्मनीने १९८१ मध्येच त्याची औषधे बाजारातून काढून घेतली होती. ज्ञान होते, डबीत काय आहे, एवढेच कुणाला ठाऊक नव्हते.

मूत्रपिंडाच्या नलिकांमधील पेशी रक्तातील अनेक आम्ले ओढून घेऊन लघवीत टाकतात. ते त्यांचे रोजचे काम. ॲरिस्टोलोकिक आम्लही त्या अशाच ओढून घेतात. तिथे त्याचे रूपांतर होऊन ते पेशीच्या डीएनएला चिकटते. पेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढते. चिकटलेले रेणू वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच ब्रुसेल्सच्या ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून टाकण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांत कर्करोग आढळला (२०००).

मग हजारो वर्षे हे कुणाच्या लक्षात कसे आले नाही? हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. धोतरा खाल्ला तर माणूस त्याच दिवशी बरळू लागतो. कारण आणि परिणाम शेजारी-शेजारी असतात. मूत्रपिंडाचे तसे नाही. त्याची निम्मी क्षमता गेली तरी माणूस चालता-फिरता असतो, दुखत तर काहीच नाही. सूज, धाप, मळमळ येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते, आणि वर्षापूर्वी घेतलेली पुडी कुणाला आठवत नाही. परंपरेचा अनुभव झटपट परिणाम अचूक टिपतो. सावकाश होणारे नुकसान त्याच्या जाळ्यातून निसटते. ते रक्तातील क्रिएटिनीन मोजल्यावरच दिसते, आणि ही तपासणी गेल्या शतकातली आहे.

ब्रुसेल्समुळे एक जुने कोडेही सुटले. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत, बल्गेरियापासून क्रोएशियापर्यंत, शेतकरी कुटुंबे मूत्रपिंडाच्या एका विचित्र विकाराने मरत होती. १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली. पाणी, बुरशी, धातू, सर्वांवर संशय घेऊन झाला. १९६९ मध्ये इविच नावाच्या संशोधकाने सुचवले की गव्हाच्या शेतात ॲरिस्टोलोकियाचे तण माजते, त्याचे बी गव्हाबरोबर दळले जाते आणि घरोघरच्या पावातून पोटात जाते. फारसे कुणी मनावर घेतले नाही. २००७ मध्ये ग्रोलमन आणि सहकाऱ्यांनी क्रोएशियातील रुग्णांच्या डीएनएवर या आम्लाच्या खुणा दाखवल्या. इविचचे म्हणणे खरे ठरायला ३८ वर्षे लागली. तोवर त्या गावांत गहू पिकत होता, दळला जात होता.