दुसऱ्याने दिलेली यादी

गेल्या वर्षी आमच्या गावाच्या जुन्या पेठेवरचं माझं छोटं पुस्तक छापून झालं. प्रती घरात, कॉटखाली. आमचे एक निवृत्त सहकारी म्हणाले, "बाई, माझ्याकडे माजी विद्यार्थ्यांची यादी आहे, ई-मेलसकट. पाठवून देतो." यादी आली. २१४ पत्ते! मी एक मेल लिहिली, सगळेच्या सगळे पत्ते वरच्या रकान्यात चिकटवले आणि पाठवून दिली. चहा घेताना मन अगदी प्रसन्न होतं.

संध्याकाळपर्यंत तीस-पस्तीस मेल परत आल्या, असा पत्ताच नाही म्हणून. चौघांनी पुस्तक मागवलं. आणि एका विद्यार्थिनीने लिहिलं, "बाई, रागावू नका. पण हा पत्ता मी गणिताच्या सरांच्या आजारपणात निधी जमवला तेव्हा दिला होता, फक्त त्यासाठी. तो तुमच्याकडे कसा आला?" उत्तर लिहायला बसले आणि काही सुचेना.

पुढे त्याहून वाईट झालं. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. त्यातलाच एक विद्यार्थी विमा विकतो. त्याने आठवड्याभरात बाकीच्या सगळ्यांना पॉलिसीची माहिती धाडली, आणि सुरुवात काय, तर "बाईंच्या मेलवरून आपला पत्ता मिळाला." म्हणजे मी नुसती यादी वापरली नाही, ती पुढेही दिली. न विचारता.

नातू हसत म्हणाला, "आजी, तू तर गॅरी थर्कच्या पंगतीला जाऊन बसलीस!" आता हा कोण? इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हे गृहस्थ कुठल्या धड्यात आले नव्हते. मग वाचत बसले.

गोष्ट १९७८ ची. इंटरनेट हा शब्द अजून लोकांत रुळायचा होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ मध्ये सुरू झालेलं आर्पानेट नावाचं जाळं होतं. विद्यापीठं, प्रयोगशाळा, लष्करी कार्यालयं, अशांचे संगणक त्याला जोडलेले. ते वापरणाऱ्यांची एक छापील डिरेक्टरी निघत असे. नाव, पत्ता, फोन आणि मेलचा पत्ता. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत यासाठी एक माहिती केंद्र होतं. एलिझाबेथ फाइनलर या बाई ते चालवत. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. आमच्या शिक्षक संघाची डायरी असायची ना, तसाच प्रकार. एका संशोधकाला दुसरा सापडावा म्हणून केलेलं पुस्तक.

थर्क हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या मॅसॅच्युसेट्समधल्या संगणक कंपनीचा विक्रीचा माणूस. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कंपनीचा चांगला जम होता, पश्चिमेकडे तितका नव्हता. आणि कंपनीची नवी यंत्रं आर्पानेटला जोडता येणारी होती. म्हणजे गिऱ्हाईक कोण? जे आर्पानेटवर आहेत तेच. आणि त्यांची यादी तर छापून तयार! त्याने डिरेक्टरीतून पश्चिमेकडचे सुमारे ४०० पत्ते काढले. कार्ल गार्टली नावाच्या सहकाऱ्याने ते हाताने टाईप केले. प्रत्येकाला वेगळं पत्र धाडण्यापेक्षा सगळ्यांना एकच. पत्रावर तारीख १ मे, लोकांना पोचलं ३ मेला. सगळा मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत. ९ तारखेला लॉस अँजेलिसला आणि ११ तारखेला सॅन मटेओला यंत्रं दाखवणार आहोत, बघायला या, असं आमंत्रण.

पत्ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात. उरलेले सांडले ते थेट पत्राच्या मजकुरात. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग बोंब झाली. जाळ्याचं व्यवस्थापन ज्यांच्याकडे होतं त्या लष्करी खात्यातले मेजर रेमंड झाहोर यांनी कळवलं की हा नियमांचा उघड भंग आहे, आर्पानेट फक्त सरकारी कामासाठी आहे. उलट एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने (पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीसाठी प्रसिद्ध झाला तोच) आधी थर्कची बाजू घेतली. जाळ्यावर कंटाळवाणी पत्रं नेहमीच फिरतात, हेच एक काय वाईट, असा त्याचा सूर. नंतर मूळ पत्र डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र पत्त्यांची ती लांबलचक शेपटी बघून म्हणाला, असं पत्र कुणालाच पाठवू देता कामा नये.

मला थांबवलं ते फाइनलरबाईंनी. डिरेक्टरी त्यांचीच. त्यांनीही या वादात लिहिलं होतं. मालाची जाहिरात आणि नोकऱ्यांची जाहिरात, या दोन गोष्टी जाळ्यावर बऱ्या मानल्या जात नाहीत, आणि त्याला कारण आहे, नुसती सोवळेपणाची गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ कंपन्यांना या जाळ्यात यायचंय, सगळ्यांना घेता येत नाही. मग आत असलेल्यांनीच निवडक गिऱ्हाइकांपर्यंत पोचायचं, हा बाहेरच्यांवर अन्याय.

मुद्दा चोख आहे. पण बघा, तो कंपन्यांमधल्या न्यायाचा आहे. ज्या ४०० माणसांनी आपलं नाव त्या पुस्तकात छापू दिलं, त्यांच्या बाजूने त्यात काहीच नाही. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र नेमका तिथला होता. छापलेलं नाव म्हणजे काही गुपित नव्हे. पण ते कशासाठी दिलं होतं, हे यादीत कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं. यादी हातोहात पुढे जाते, कारण मागे राहतं.

थर्कचं काही बिघडलं नाही. त्या एका पत्रामुळे एक कोटी तीस-चाळीस लाख डॉलरची विक्री झाली, असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं. इतका फायदा म्हटल्यावर नुसत्या कानउघाडणीने कोण थांबतो?

तसा याद्यांचा धंदा जुना, कागदी टपालाच्या काळातला. अमेरिकेत याद्या भाड्याने मिळत. एकदा वापरायचं भाडं एकदाच. आता एकदाच वापरली हे कळणार कसं? तर मालक त्यात दोनचार बनावट नावं पेरून ठेवी, पत्ता स्वतःचा किंवा ओळखीतल्या कुणाचा. त्या नावावर दुसरं पत्र आलं की चोरी पकडली. शेतात बुजगावणं असतं, तसं यादीत! मेलच्या जगातही हीच युक्ती चालते. काही पत्ते फक्त सापळा म्हणून ठेवलेले असतात, काही जुने बंद पडलेले पत्ते सापळा करून पुन्हा उघडतात. त्यांच्यावर मेल गेली की कंपन्या ओळखतात, या माणसाने यादी कुणाकडून तरी उचललीय. मग त्याची खरी पत्रंही कचऱ्यात जायला लागतात.

कायदे उशिरा आले. अमेरिकेचा २००३ चा कायदा तर आधी विचारा असं म्हणतच नाही. नको म्हटलं की थांबा, आणि नको म्हणणाऱ्याचा पत्ता पुढे विकू नका, इतकंच. युरोपातल्या कायद्यात आणि आपल्याकडे २०२३ च्या कायद्यात ज्या कामासाठी माहिती दिली त्या कामाचा विचार आहे.

आपल्या घरात लग्नाच्या वेळी मामांकडची, काकांकडची यादी घेऊन पत्रिका लिहितोच की आपण. पण तिथे यादी देणारा शेजारी बसलेला असतो. "यांना आमच्याकडून म्हणून सांगा," "यांच्याकडे यंदा सुतक आहे, नको," असं एकेका नावाबरोबर सांगत जातो. माझ्या २१४ नावांबरोबर असं कुणी बसलं नव्हतं. सहकाऱ्यांना दोष देत नाही, मीही विचारलं नाही.

असो. मी सगळ्यांची माफी मागायला बसले, तर नातू म्हणाला, "आजी, माफीची मेल पण त्याच यादीवर पाठवणार?" ती राहिली. विमावाल्याला फोन करून कान पिळला. यादी पुसून टाकली, पण त्याच्याकडची आणि बाकीच्यांकडची कशी पुसणार?

त्या विद्यार्थिनीला मात्र एकटीला लिहिलं, पत्ता कसा आला ते सगळं खरं खरं. चार दिवसांनी उत्तर आलं. गणिताचे सर आता नाहीत, त्यांच्याबद्दल दोन ओळी होत्या. आणि शेवटी, "बाई, पुस्तक पाठवा," म्हणून खाली घरचा पत्ता. तो पाकिटावर लिहिला. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवला नाही.