अमेरिकेत मार्केटिंग ईमेल पाठवताय? कॅन-स्पॅम कायदा समजून घ्या

पुण्या-मुंबईतल्या अनेक टीम अमेरिकन कंपन्यांसाठी ईमेल कॅम्पेन चालवतात. या ईमेलना अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा लागू होतो. तो १ जानेवारी २००४ पासून अमलात आहे आणि फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, त्याची अंमलबजावणी करते. २०२५ च्या दरानुसार नियम मोडणाऱ्या प्रत्येक ईमेलमागे ५३,०८८ डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यात पहिला ईमेल पाठवण्याआधी परवानगी घ्यावी लागत नाही. पण समोरच्याने ‘नको’ म्हटलं की थांबावंच लागतं. त्यामुळे सगळ्यात जास्त काळजी अनसबस्क्राइबची घ्यायची.

मुख्य नियम

१. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि डोमेन खरं हवं.
२. सब्जेक्ट फसवा नको. काहीच न घेतलेल्या माणसाला ‘तुमची ऑर्डर निघाली आहे’ असं लिहून ईमेल उघडायला लावणं चालत नाही.
३. ईमेल जाहिरातीचा आहे हे कळलं पाहिजे. ज्यांनी आधी स्पष्ट संमती दिली आहे, त्यांच्यासाठी ही अट नाही.
४. कंपनीचा टपालाचा पत्ता हवा. नोंदणीकृत पोस्ट बॉक्सही चालतो.
५. अनसबस्क्राइबची सोय सहज दिसणारी हवी आणि ईमेल पाठवल्यानंतर किमान ३० दिवस चालू हवी.
६. विनंती १० कामकाजाच्या दिवसांत पाळायची. त्यासाठी पैसे मागायचे नाहीत, ईमेल पत्त्याशिवाय दुसरी माहिती विचारायची नाही आणि एकापेक्षा जास्त पानं फिरवायची नाहीत.
७. काम एजन्सीला दिलं तरी जबाबदारी संपत नाही. जिचा माल विकला जातोय ती कंपनी आणि पाठवणारी एजन्सी, दोघीही अडकू शकतात.

हे नियम कंपन्यांना पाठवलेल्या ईमेललाही लागू आहेत. सिक्युरिटी कॅमेरे विकणाऱ्या व्हर्काडा कंपनीवर अनसबस्क्राइबची सोय न दिल्याचा, विनंत्या न पाळल्याचा आणि पत्ता न छापल्याचा आरोप होता. २०२४ मध्ये तिने २९.५ लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

बिल आणि ओटीपीचं काय?

पावती, पासवर्ड रीसेट, डिलिव्हरीची माहिती अशा ईमेलना यातले बहुतेक नियम लागू नाहीत. फक्त पाठवणाऱ्याची माहिती खोटी नको. पण ‘तुमच्या खात्याविषयी’ असं म्हणून आत ऑफर भरली, तर तो मार्केटिंग ईमेलच. २०२३ मध्ये एक्सपेरियनच्या ग्राहक सेवा कंपनीने अशाच प्रकरणात ६.५ लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

सिस्टीममध्ये काय करायचं?

अनसबस्क्राइब केलेला पत्ता डेटाबेसमधून नुसता डिलीट करू नका. पुढच्या महिन्यात सेल्स टीम जुनी एक्सेल शीट अपलोड करते आणि तोच पत्ता परत यादीत येतो. त्याऐवजी ‘यांना पाठवायचं नाही’ अशी वेगळी यादी, म्हणजे सप्रेशन लिस्ट, ठेवा.

- ही यादी अपलोडच्या वेळी नाही, तर प्रत्यक्ष ईमेल सुटण्याच्या क्षणी तपासा. रांगेत आधीच लागलेले ईमेलही मग थांबतात.
- तुलना करण्याआधी पत्त्यातली मोकळी जागा काढा आणि सगळी अक्षरं स्मॉल करा.
- सर्व टूल्स आणि एजन्सींसाठी यादी एकच ठेवा. नकार दिलेले पत्ते विकायला किंवा इतरांना द्यायला बंदी आहे. कायदा पाळण्यासाठी नेमलेल्या कंपनीला मात्र देता येतात.
- लिंकसाठी लॉगिन मागू नका. काही ऑफिसांचे सिक्युरिटी स्कॅनर ईमेलमधल्या लिंक स्वतःच उघडून बघतात, म्हणून लिंकच्या पानावर एक बटण ठेवा.

फक्त एवढंच पुरत नाही

दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० किंवा जास्त ईमेल पाठवत असाल, तर गुगलचे फेब्रुवारी २०२४ पासूनचे नियम आणखी कडक आहेत. त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब लागतं, आणि विनंती दोन दिवसांत पूर्ण करायची असते. कॅनडात तर आधी संमती घ्यावी लागते. म्हणून यादीत देशाचा कॉलम ठेवा आणि संमती कधी, कुठून मिळाली याची नोंदही ठेवा.

पुढचं कॅम्पेन सोडण्याआधी स्वतःच्या पत्त्यावर एक ईमेल पाठवा, अनसबस्क्राइब करा आणि तोच पत्ता पुन्हा अपलोड करून बघा. दुसरा ईमेल आला, तर कॅम्पेन थांबवा आणि आधी ते दुरुस्त करा.