एका रात्रीचें नायकपद

कोणत्याही नाट्यसंस्थेच्या इतिहासांत प्रमुख नटांचीं नांवें ठळक अक्षरांनीं लिहिलीं जातात. परंतु ती संस्था आपल्या तरुण पिढीच्या हातीं प्रमुख भूमिका केव्हां व कोणत्या अटींवर देते, याची नोंद ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः संस्था किती काळ जगणार, हें पुष्कळ अंशीं याच गोष्टीवर अवलंबून असतें. १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर निवर्तले तेव्हां किर्लोस्कर मंडळीस ही चिंता कशी जाणवली, आणि १९०५ सालीं मंडळींत आलेल्या १७ वर्षांच्या नारायण राजहंसानें ती कशी दूर केली, हें महाराष्ट्रीय वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुढें १९१३ सालीं याच बालगंधर्वांनीं स्वतःची मंडळी काढली. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं जपानांत ओसाका शहरानजीकच्या एका लहानशा गांवीं अगदीं उलट प्रकारच्या नाट्यसंस्थेचा पाया घातला जात होता. आपल्याकडे पुरुष स्त्रीवेष घेऊन रंगभूमीवर येत. तेथें मुली पुरुषवेष घेऊन येणार होत्या. त्या गांवाचें नांव ताकाराझुका.

या संस्थेचा उगम कलेंत नसून आगगाडींत आहे, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. इचिझो कोबायाशी (१८७३–१९५७) या उद्योगी गृहस्थांनीं चालविलेली विजेची आगगाडी १९१० सालीं ओसाकांतील उमेदापासून ताकाराझुकाच्या उष्ण झऱ्यांपर्यंत धावूं लागली. मार्ग झाला, परंतु उतारू कोठून आणावयाचे? कोबायाशींनीं मार्गाच्या कडेस घरें बांधून तीं हप्त्यानें विकलीं. आणि मार्गाच्या शेवटीं लोकांनीं सहकुटुंब यावें म्हणून १९१२ सालीं एक विलासगृह उभारून त्यांत पोहण्याचा तलाव केला. तलाव साफ फसला. पाणी फार थंड असे, आणि स्त्रीपुरुषांनीं एकत्र पोहण्यास सरकारी परवानगी नव्हती. तेव्हां त्या तलावावर फळ्या टाकून प्रेक्षकांची जागा केली गेली, आणि १९१३ सालीं १६ मुलींस गायनाचें शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. १ एप्रिल १९१४ रोजीं त्यांचा पहिला प्रयोग झाला. विषय होता जपानी मुलांस पाठ असलेली मोमोतारोची कथा, नांव 'दोंबुराको'. पीचच्या फळांतून जन्मलेल्या या शूर बालकाची भूमिका ताकामिने ताएको या मुलीनें केली. झऱ्यांवर आलेल्या पाहुण्यांस हा खेळ फुकट पाहावयास मिळे.

यांत कोबायाशींचें धाडस किती होतें, हें समजण्यास जपानी रंगभूमीचा पूर्वेतिहास थोडा ध्यानांत घ्यावा लागतो. काबुकी नाट्याचा आरंभ १६०३ च्या सुमारास ओकुनी नांवाच्या एका स्त्रीनेंच केला. परंतु १६२९ सालीं सरकारनें स्त्रियांस रंगभूमीवर येण्याची बंदी केली, आणि पुढें अडीच शतकांहून अधिक काळ स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं कावाकामी सादायाक्को हिनें युरोप-अमेरिकेंत कीर्ति मिळवून स्वदेशीं १९०८ सालीं नटींचें विद्यालय काढलें, तरीही नटीचा व्यवसाय हा कुलीन घरांत उच्चारण्यासारखा विषय नव्हता. आपल्याकडील मध्यम वर्गास ही मनोवृत्ति समजावून देण्याची गरज नाहीं. कोबायाशींनीं तिच्यावर जो उपाय योजिला तो मात्र विशेष होता. आपल्या मुली नटी नव्हेत, त्या 'विद्यार्थिनी' आहेत, असें त्यांनीं सांगितलें. १९१९ सालीं रीतसर संगीत व नाट्यविद्यालय स्थापिलें. पहिल्या मुलींचीं रंगभूमीवरील नांवें जुन्या शंभर कवितांच्या सुप्रसिद्ध संग्रहांतून निवडलीं. आणि शुचिता, सदाचार व सौंदर्य हीं तीन संस्थेचीं ब्रीदें ठरलीं. आईबापांचा विश्वास बसला. तो आजतागायत टिकला. पण 'विद्यार्थिनी' या शब्दानें पुढें काय केलें, तें आम्हांस थोडें पुढें पाहावयाचें आहे.

संस्थेची वाढ मोठ्या झपाट्यानें झाली. १९२१ सालीं पुष्प व चंद्र अशा दोन तुकड्या झाल्या. १९२४ मध्यें मोठें नाट्यगृह उघडलें आणि हिम तुकडी निघाली. १९३३ मध्यें तारका तुकडी आली. पांचवी, आकाश तुकडी १९९८ सालची. १९२७ सालीं किशिदा तात्सुया यांनीं पॅरिसच्या धर्तीवर 'मोन पारी' हा नृत्यगीतांचा खेळ रचला आणि जपानांत त्या प्रकाराचा पायंडा पाडला. १९४४ च्या मार्चमध्यें युद्धामुळें नाट्यगृह बंद पडलें, तें १९४६ च्या एप्रिलमध्यें पुन्हां उघडलें. युद्धानंतर पुरुषांसही संस्थेंत घेण्याचा प्रयत्न झाला. परंतु तो विभाग १९५४ सालीं मोडला. प्रेक्षकांस खरे पुरुष नको होते. त्यांस हवा होता तो मुलीनें उभा केलेला पुरुष: स्वच्छ, धीरोदात्त, अदबशीर, आणि म्हणूनच बहुधा घरींदारीं न आढळणारा!

हा पुरुष घडण्यास दहा वर्षें लागतात, असें ताकाराझुकांत म्हणतात. आणि येथेंच आमच्या मूळ विषयाचें बीज आहे. १९१४ सालीं सर्वच मुली नवख्या होत्या. नायकाचें काम कोणा लहान मुलीकडे जावें यांत विशेष कांहींच नव्हतें. परंतु जसजशी संस्था प्रौढ झाली, तसतशी नायकपदापर्यंतची शिडी लांबत गेली. विद्यालयांत १५ ते १८ वर्षांच्या मुली घेतात. दरवर्षीं सुमारें ४० जणींची निवड होते. दोन वर्षें शिक्षण झाल्यावर त्या तुकडींत येतात, आणि मग दहा-बारा वर्षें मागच्या रांगेंतून पुढच्या रांगेकडे इंच इंच सरकत राहतात. प्रत्येक तुकडीस पुरुषभूमिकेची एकच अग्रनायिका, आणि तिच्या जोडीस स्त्रीभूमिकेची एकच. बाकीच्यांनीं वाट पाहावयाची. विवाह करावयाचा तर संस्था सोडावी लागते. तेव्हां ही वाट पाहणें तारुण्याच्या किंमतीवरच होतें.

या कोंडीवर संस्थेनें जी तोड काढली तिचें नांव 'शिन्जिन कोएन', म्हणजे नवोदितांचा प्रयोग. एखादें नाटक नाट्यगृहांत महिनाभर चालू असतें. त्या मुदतींत एका ठरलेल्या दिवशीं तेंच नाटक, त्याच पडद्यांनिशीं, पण केवळ सात वर्षांच्या आंतील मुली करून दाखवितात. एक प्रयोग ताकाराझुकास, एक तोकियोस. जी मुलगी एरवीं दरबारांतील बाराव्या सरदाराचें काम करते, तीच त्या रात्रीं राजा होते. आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां बारावा सरदार. आपल्या वडील भगिनीची भूमिका तिनें रोज पंखांआडून पाहिलेली असते. पोशाख कसा सांवरावा, प्रकाशाच्या झोतांत कोठें थांबावें, हें ती तिच्याकडूनच शिकते. सातवें वर्ष संपलें कीं ही संधि कायमची जाते.

आम्हांस ही प्रथा मोठी मार्मिक वाटते. गुरूच्या हयातींत, गुरूच्या देखत, गुरूचेंच काम करून दाखवावयाचें, यांत अनुकरण आणि स्वत्व यांची कसोटी एकाच रात्रीं लागते. हुबेहूब नक्कल केली तर प्रेक्षक म्हणणार, 'मूळच पाहूं'. आणि फार निराळें केलें तर म्हणणार, 'उद्धटपणा!' या अरुंद वाटेवरून ज्या निभावून गेल्या त्यांतील एक आमामी युकी. १९८७ सालीं ती चंद्र तुकडींत आली आणि पहिल्याच वर्षीं 'मी अँड माय गर्ल' या इंग्रजी नाटकाच्या नवोदित प्रयोगांत नायक झाली. १९९३ मध्यें, सातव्या वर्षीं, ती तुकडीची अग्रनायिका झाली आणि १९९५ मध्यें संस्था सोडून चित्रपटांकडे व बाहेरच्या रंगभूमीकडे वळली. स्त्रीभूमिकेंत कुरोकी हितोमीचें उदाहरण याहून चकित करणारें आहे: १९८१ सालीं प्रवेश, आणि १९८२ मध्यें प्रमुख नायिका! अर्थात् अशीं उदाहरणें बोटांवर मोजण्याजोगीं. बहुसंख्य मुलींस ती एक रात्रच मिळते. कित्येकींस तीही नाहीं.

परंतु एवढें सांगून थांबलों तर आम्हीं अर्धाच इतिहास सांगितल्यासारखें होईल. नवोदितांच्या प्रयोगाची तालीम केव्हां होते? दिवसाचे नेहमींचे प्रयोग आटोपल्यावर. मुलीनें आपलें लहान काम दिवसा करावयाचें, आणि मोठें काम रात्रीं शिकावयाचें. त्यांतही सातव्या वर्षाच्या मुलींवर सर्व धाकट्यांची जबाबदारी असते. चूक कोणाचीही होवो, जाब त्यांनीं द्यावयाचा. २०२३ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस अशाच सातव्या वर्षाच्या, २५ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यु झाला, आणि तो आत्महत्येनें झाला असें मानलें गेलें. तिच्या कुटुंबानें अतिश्रमाची व वरिष्ठांच्या जाचाची तक्रार केली. प्रथम संस्थेनें श्रमाचा भार कबूल केला, पण जाच मानला नाहीं. मार्च २०२४ मध्यें मात्र तोही मान्य करून कुटुंबाची क्षमा मागितली. प्रयोगांची संख्या कमी करण्यांत आली, आणि कामाच्या अटींचा नव्यानें विचार सुरू झाला.

या प्रसंगानें जपानांत अनेकांस जो प्रश्न पडला, तोच आम्हांसही पडतो. ज्या 'विद्यार्थिनी' या शब्दानें १९१४ सालीं मुलींस समाजाच्या निंदेपासून आडोसा दिला, त्याच शब्दानें पुढें त्यांचे कष्ट झांकले नाहींत काय? विद्यार्थिनीस श्रमाचे तास विचारावयाचे नसतात. विद्यार्थिनीनें वडील भगिनीचें बोलणें निमूटपणें ऐकावयाचें असतें. घरंदाज शिस्तीचें कौतुक करणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. मुलीस सुरक्षित ठेवणारी भिंत आणि तिचा आवाज बाहेर न येऊं देणारी भिंत, या बाहेरून पाहणारास सारख्याच दिसतात.

तरीही नवोदितांचा प्रयोग बंद व्हावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या संस्थेंत दहा वर्षें थांबल्याशिवाय कांहीं मिळत नाहीं, तेथें ती एक रात्र म्हणजे तरुण पिढीवर टाकलेला विश्वास आहे. दोष त्या विश्वासाचा नव्हे. त्याची किंमत तरुणांच्याच झोपेंतून व प्रकृतींतून वसूल करण्याच्या रीतीचा आहे. ताकाराझुकाच्या रंगमंचावर शेवटीं २६ पायऱ्यांचा एक भव्य जिना दिव्यांनीं उजळतो, आणि संस्था सोडून जाणारी नायिका आपल्या अखेरच्या दिवशीं हिरवा हाकामा नेसून त्यावरून एकटीच खालीं उतरते. प्रेक्षक त्या उतरण्याकडे सजल नेत्रांनीं पाहतात. आम्हांस वाटतें, कोठल्या तरी आडव्या दिवशीं नायकाचा झगा प्रथमच अंगावर घालून, त्याच जिन्याच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या मुलीकडेही त्यांनीं तितक्याच जिव्हाळ्यानें पाहावें. आणि प्रयोग संपल्यावर ती वेळेवर घरीं गेली कीं नाहीं, याचीही चौकशी करावी.